काचेचं कौल आणि चार पन्हळी : बेळगाव-खानापूरच्या पावसात सनरूफची परीक्षा

कौलारू घराच्या माजघरात उजेड यावा म्हणून मध्येच एखादं काचेचं कौल बसवतात. खानापूर, जांबोटीकडच्या जुन्या घरांत ते अजून दिसतं. ते कौल गळणार की नाही, हे कडेनं उतरलेलं पाणी पुढं कुठं जातं यावर ठरतं. गाडीच्या सनरूफचंही अगदी तसंच आहे. शोरूममध्ये बटण दाबून काच सरकवून दाखवतात, तोंडी हुकूम देऊन उघडून दाखवतात, पण पाण्याची वाट कुणी दाखवत नाही. आपल्या भागात गाडी घेणाऱ्यानं आधी तीच बघायला हवी.

सनरूफ पूर्ण पाणीबंद नसतं. काचेच्या कडेचं काळं रबर वारा, धूळ आणि आवाज अडवतं, पावसाचा मोठा भागही बाहेर ठेवतं. पण थोडं पाणी त्या फटीतून आत उतरणारच, हे धरूनच सगळी रचना केलेली असते. काचेच्या खाली चौफेर एक पन्हळ असते. पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार तोट्या, आणि प्रत्येक तोटीला एक नळी. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून उतरतात आणि दाराच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या आत मोकळ्या होतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून चाकाच्या कमानीत किंवा बंपरच्या आड सुटतात. नळीचं आतलं भोक जेमतेम ८ ते १० मिलिमीटरचं. खालच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत चीर दिलेली रबरी टोपी असते; ती पाणी सोडते आणि किडा-मुंगीला आत येऊ देत नाही. एवढं चित्र डोक्यात पक्कं बसलं की सनरूफच्या बहुतेक तक्रारी आपोआप उलगडतात.

या धंद्यातलं सगळ्यांत ठळक नाव वेबास्टो. जर्मनीतल्या एसलिंगेन गावी १९०१ साली विल्हेल्म बायर यांनी तारेच्या आणि लोखंडी सामानाचा कारखाना काढला. मोटारीच्या छताशी तेव्हा काही संबंध नव्हता. १९०८ मध्ये कारखाना म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फला हलला, आणि विल्हेल्ममधली दोन अक्षरं, बायरचा 'बा' आणि श्टॉकडॉर्फचा 'स्टो' जोडून 'वेबास्टो' हे नाव झालं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा वाकवणारा कारखानदार एका गिऱ्हाइकाच्या पार्टवरून दुसऱ्याच्या पार्टवर जातो आणि दहा वर्षांनी त्याचा मूळ धंदा कुठला हे सांगावं लागतं, तशातलाच हा प्रवास. १९३० च्या दशकात त्यांनी मोटारीसाठी घडी होणारं कापडी छत केलं, आणि १९३५ मध्ये गाडी ऊबदार ठेवणारा हीटर. छत आणि हीटर ही जोडी या कंपनीनं आजवर सोडलेली नाही. मुख्य कचेरी आजही श्टॉकडॉर्फलाच आहे. जर्मनीत कोरोनाचा पहिला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये याच कचेरीतला निघाला, त्यामुळे गाड्यांशी संबंध नसलेल्यांनीही हे नाव तेव्हा ऐकलं असेल.

छत कापडाचं होतं तेव्हा ते गाडीच्या वरून ताणलेलं असे आणि पाणी बरंचसं कडेनं ओघळून जाई. पुढं कापडाच्या जागी पोलादी पत्रा आला आणि तो छताच्या आत सरकू लागला. मग पत्र्याऐवजी काच आली, आणि ती नुसती सरकायची नाही तर मागच्या कडेनं उचलायलाही लागली. काचेनं छताच्या पातळीत बसायचं, उचलायचं आणि परत छताखाली जायचं, म्हणजे भोवती मोकळी फट ठेवावीच लागते. फट आली की पाणी आलं, आणि पाणी आलं की पन्हळ आणि नळ्या आल्या. सोय वाढली तशी देखभालही वाढली ती इथून.

अमेरिकेत नॅश कंपनीनं १९३७ मध्ये कारखान्यातूनच सनरूफ द्यायला सुरुवात केली, पण तिथं ते खरं रुजवलं हाइन्झ प्रेक्टर या जर्मनीहून शिकायला आलेल्या तरुणानं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गॅरेजमध्ये त्यानं 'अमेरिकन सनरूफ कंपनी' सुरू केली. तयार गाडीचं छत कापायचं आणि सनरूफ बसवायचं, हे काम. पुढं तो डेट्रॉइटकडं गेला आणि मोटार कंपन्याच त्याला काम देऊ लागल्या. आज उलटं झालं आहे. सनरूफ तयार चौकटीसकट येतं, ज्याला कॅसेट म्हणतात, आणि असेंब्ली लाइनवर छताला आतून बोल्टनं आवळलं जातं. या कॅसेटचा आणखी एक मोठा कारखानदार म्हणजे नेदरलँड्समधल्या व्हेनरायची इनाल्फा. २०११ पासून तिची मालकी चिनी कंपनीकडं आहे, आणि तिनं गेब्रियल इंडियाशी भागीदारी करून चेन्नईजवळ कारखाना टाकला. २०२४ मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं. वेबास्टोचाही कारखाना पुण्यात आहे. आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळशा गाड्यांची सनरूफं आता देशातच जुळतात, ही सुट्या भागांच्या दृष्टीनं चांगली गोष्ट आहे.

चांगली म्हणायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत सनरूफ महागड्या गाडीतून साध्या गाडीत उतरलं. २०२० मध्ये टाटाच्या नेक्सॉनच्या मधल्या व्हेरियंटला ते मिळालं, २०२२ मध्ये मारुतीनं ब्रेझाला दिलं, २०२३ मध्ये ह्युंदाईच्या एक्स्टरसारख्या छोट्या गाडीतही आलं. म्हणजे आज खानापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांनाही चार-चार नळ्या आहेत आणि त्या साफ करायच्या असतात हे बहुतेक मालकांना ठाऊक नाही.

आपलं हवामान सनरूफला दोन्ही अंगांनी गाठतं. एप्रिल-मेमध्ये जांभ्याची तांबडी धूळ पन्हळीत बसते. पहिला वळीव तिचा चिखल करतो. तो चिखल तोटीत जाऊन वाळतो, आणि मृगाचं पाणी येतं तेव्हा वाट बंद झालेली असते. कणकुंबी, जांबोटीच्या संततधारेत पुढचे तीन महिने ती पन्हळ कोरडीच होत नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडं पाऊस कमी, पण गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या बॉयलरची काजळी छतावर बसते. ती हलकी आणि रवाळ असते, काच ज्यावर सरकते त्या रुळावरच्या ग्रीसला चिकटून बसते. बेळगाव शहरात कॅम्प, टिळकवाडीकडं गाडी झाडाखाली लावायची सवय. सावली चांगली, पण झाड कुठलं ते बघा. आंब्याचं, पिंपळाचं पान मोठं असतं, काचेवरच पडून राहतं, हातानं उचलता येतं. चिंचेच्या पानाच्या मात्र सुट्या पात्या होतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या. त्या रबराच्या फटीतून आत शिरतात, पाण्याबरोबर वाहत कोपऱ्याला येतात आणि तोटीच्या तोंडावर एकावर एक आडव्या बसतात. वरून धूळ आली की त्यांचा चक्क गिलावा होतो. गुलमोहराच्या पाल्याचंही तेच. खालची रबरी टोपी गळून पडली असेल तर कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते. ते वरून पाणी ओतून निघत नाही, खालूनच उकरावं लागतं.

वाट तुंबली की पन्हळ भरते आणि आतल्या काठावरून सांडते. मग छताच्या कापडाला आतून पिवळट डाग पडतात, आधी पुढच्या खांबाजवळ, मग आतल्या दिव्याभोवती. ब्रेक दाबल्यावर दिव्यातून पाण्याचे थेंब पडले तर पन्हळ काठोकाठ भरली आहे असं समजा. मागच्या नळ्यांचा दोष डिकीत कळतो: स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. गोव्याकडं जाणारा चोर्ला घाट चढताना पन्हळीतलं पाणी मागं धावतं आणि उतरताना पुढं, त्यामुळे सपाट रस्त्यावर वर्षभर गप्प बसलेला दोष घाटात एका फेरीत उघडा पडतो. सगळ्यांत फसवी खूण म्हणजे पायाखालचं ओलं कार्पेट. कार्पेटच्या खाली फोमचा थर असतो, तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं लागतं, पण सकाळी काचा आतून धूसर असतात आणि गाडीला कुबट वास मारतो. काही गाड्यांत याच कार्पेटखालून वायरिंगचे जोड गेलेले असतात. ते गंजले की भलत्याच ठिकाणी बिघाड दिसतो आणि मिस्त्री भलतीकडंच शोधत बसतो.

ओलं कार्पेट म्हणजे सनरूफच, असं लगेच ठरवू नका. एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली तरी पुढच्या डाव्या पायाशी ओल येते. फरक सोपा आहे. एसी चालवल्यावर, कोरड्या दिवशी ओल आली तर एसी. एसी बंद असताना पावसात, किंवा गाडी धुतल्यावर ओल आली तर सनरूफ, दाराच्या आतलं प्लास्टिक किंवा समोरच्या काचेखालची जाळी. यांतलं सनरूफ आहे की नाही हे पाच मिनिटांत तपासता येतं.

गाडी सपाट जागी उभी करा, काच पूर्ण उघडा. पुढच्या कोपऱ्यात, रुळाच्या टोकाशी, तोटीचं भोक दिसतं. नसेल दिसत तर टॉर्च धरा. साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे मोठा कपभर पाणी, सावकाश त्या कोपऱ्यात सोडा. दुसऱ्या माणसाला त्या बाजूच्या चाकाजवळ खाली बघायला सांगा. पाच-दहा सेकंदांत खाली धार लागली पाहिजे. थेंब-थेंब पडत असेल तर नळी अर्धी बंद आहे. काहीच आलं नाही आणि कोपऱ्यात तळं साचलं तर पूर्ण बंद. सगळ्यांत वाईट म्हणजे कोपऱ्यातलं पाणी झरकन नाहीसं होतं पण खाली येत नाही: नळी तोटीवरून निसटली आहे आणि पाणी सरळ छताच्या कापडात जातं आहे. तिथंच थांबा. मागच्या तोट्या काच उघडल्यावर तिच्याखाली झाकल्या जातात. त्यासाठी गाडीचं तोंड चढाला करून उभी करा आणि रुळाच्या बाजूच्या पन्हळीत पाणी सोडा. बहुतेक रचनांत ते वाहत मागच्या तोटीला जातं.

साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, सुमारे २ मिलिमीटर जाडीची, दीड-दोन मीटर लांब. टोक कापल्यावर धारदार राहतं, म्हणून ते लायटरनं किंचित वितळवून गोल करा. आधी पन्हळीतला सुका कचरा ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढा, नाहीतर तुम्हीच तो नळीत ढकलाल. मग दोरी वरून घाला, बोटांत फिरवत, सावकाश. अडली तर जोर लावू नका. थोडी मागं ओढा, फिरवा, परत घाला. बाहेर आलेल्या टोकाला चिंचेच्या पात्यांचा काळा लगदा चिकटलेला दिसेल. त्यानंतर कोमट पाणी सोडा, दोन-तीनदा, खाली पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटी खालच्या रबरी टोप्यांची चीर बोटांनी दाबून उघडा, तिथं अडकलेला गाळ पडू द्या.

दोन गोष्टी अजिबात करू नका. सायकलच्या ब्रेकची तार किंवा कुठलीही पोलादी तार घालू नका. ती नळी फाडते, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच खांबातून पडदा-एअरबॅगचं (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारख्या पसरणाऱ्या एअरबॅगचं) सामान गेलेलं असतं. आणि टायरवाल्याच्या कंप्रेसरची हवा नळीत मारू नका. तुंबलेल्या नळीत जोराची हवा शिरली की ती पुढं जाण्याऐवजी नळीच तोटीवरून उपटते. मग छताचं पूर्ण कापड उतरवण्याखेरीज इलाज राहत नाही, आणि ते दिवसभराचं काम आहे: बॅटरी काढायची, खांबांची कव्हरं, हँडल, दिवे, सनव्हायझर सोडवायचे, कापडाची फळी न मोडता मागच्या दारातून काढायची. कुशनवाल्याकडं हे काम देऊ नका. एअरबॅगच्या जोडांना हात लावायचं ज्याला शिकवलेलं आहे त्याच्याकडंच द्या.

वेळापत्रक साधं ठेवा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा, वळीव पडून गेल्यावर आणि मृग लागायच्या आधी. दुसऱ्यांदा गणपतीच्या आधी. खानापूरच्या पश्चिमेला राहत असाल किंवा गाडी चिंचेखाली लागत असेल तर जुलैमध्ये आणखी एकदा. कारखान्याच्या पट्ट्यातल्या गाड्यांनी मार्चमध्ये, गाळप संपल्यावर, रूळ पुसून घ्यावेत.

रुळांचा विषय वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा. मोटर काच थेट ओढत नाही. मोटरच्या दातेरी चाकाला दोन लवचिक पोलादी केबल गुंतलेल्या असतात, मळसूत्रासारखी तार गुंडाळलेल्या. चाकाच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरी. चाक फिरलं की एक केबल डाव्या रुळातली, एक उजव्या रुळातली, दोन्ही मिळून काच सारख्या वेगानं ढकलतात. अॅल्युमिनियमच्या रुळात प्लास्टिकच्या सपात्या सरकतात आणि एक वाकडा खाचेचा तुकडा काच उचलायचं काम करतो. उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्याला सांगायला नको की असल्या जोडीत एक बाजू जड झाली की काय होतं. काच तिरकी होते, सगळा भार एका प्लास्टिकच्या तुकड्यावर येतो आणि तो मोडतो. त्या तुकड्याची किंमत चिल्लर असेल, पण बऱ्याच गाड्यांत तो सुटा मिळत नाही. रूळ किंवा अख्खी कॅसेट घ्यावी लागते. गाडी घेण्याआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जाऊन विचारा: या सनरूफचे रूळ, रबर आणि काच सुटे मिळतात का? हा प्रश्न सेल्समनला विचारून उपयोग नाही.

रूळ जड का होतो? बहुतेक वेळा चुकीच्या ग्रीसमुळे. चेसिसचं पिवळं जाड ग्रीस रुळात भरलं की ते आपली तांबडी धूळ धरतं आणि महिन्याभरात त्याची घासायची पेस्ट तयार होते. खोबरेल तेलानंही तेच होतं. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर मूळचं ग्रीस धुऊन जातं, दोन दिवस काच छान पळते आणि मग कुरकुरते. योग्य रीत अशी: रूळ कोरड्या सुती फडक्यानं पुसायचा, कोपऱ्यांत कान साफ करायची काडी, आणि मग गाडीच्या कंपनीनं सांगितलेलं सनरूफचं ग्रीस करंगळीवर येईल इतकंच, दोन्ही बाजूंना, पातळ. रबराला साबणाच्या पाण्यानं पुसून, पूर्ण वाळवून, सिलिकॉनचा हलका हात द्यायचा. पेट्रोल किंवा रॉकेलचं फडकं रबराला लावलं की रबर फुगतं आणि मग काच नीट बसतच नाही.

पावसात काच बंद होता होता परत उघडते, ही तक्रार फार ऐकू येते. मोटर खराब नसते. बोट किंवा मान अडकू नये म्हणून मोटर स्वतःवर येणारा ताण मोजत असते. रुळात मळ असला की तिला तो मळच बोट वाटतो आणि ती काच मागं घेते. रूळ साफ केल्यावर मोटरला शून्य जागा परत शिकवावी लागते. बॅटरी काढल्यावरही हेच करावं लागतं. बऱ्याच गाड्यांत रीत अशी की काच बंद करून बटण बंदच्या बाजूला दहा-एक सेकंद दाबून धरायचं, काचेला हलका झटका बसला की सोडायचं, लगेच परत दाबून धरायचं. काच आपोआप पूर्ण उघडून बंद होते. तोवर बोट सोडायचं नाही. नेमका क्रम गाडीच्या पुस्तकात असतो, तो एकदा वाचून ठेवा. भर पावसात शोधत बसण्यासारखा तो नाही.

आवाज येत असेल तर काचेची पातळी बघा. पुढची कड छताच्या पातळीत किंवा मिलिमीटरभर खाली, मागची कड पातळीत किंवा मिलिमीटरभर वर, असं बसवलेलं असतं. पुढची कड वर राहिली की वारा तिला धरतो आणि शिट्टी वाजते. काचेच्या दोन्ही बाजूंच्या स्टार स्क्रूंनी ही पातळी जुळते. पुढून-मागून चारही कोपरे बँकेच्या कार्डानं तपासा. चारीकडं कार्ड सारख्याच ताकदीनं सरकलं पाहिजे. रस्ता सोडून देवळाकडच्या कच्च्या वाटेवर गाडी वळली आणि डोक्यावर कुरकुर सुरू झाली तर ती बहुतेक कोरड्या रबराची असते, साफ केल्यावर जाते. कानात धडधड भरते ती मात्र दोष नव्हे. उघड्या काचेवरून जाणारा वारा आतली हवा बाटलीत फुंकल्यासारखी घुमवतो. काच थोडी कमी उघडा, किंवा मागची एक खिडकी दोन बोटं खाली करा, थांबते.

आता कुठलं घ्यावं. आपल्या भागासाठी आमचं मत स्पष्ट आहे: एका काचेचं साधं सनरूफ बरं, पॅनोरमिक, म्हणजे छताचा बराचसा भाग व्यापणारं, विचार करून. पॅनोरमिकमध्ये पुढची काच सरकते, मागची बहुधा छताला चिकटवलेली असते. उजेड भरपूर, मागं बसणारी मंडळी खूश, चोर्ल्याचं धुकं आणि डोंगर बघायला याहून चांगलं काही नाही, हे मान्यच. पण डोक्यावर साधारण २५-३० किलो वजन वाढतं, रबराची लांबी वाढते, आणि खाली ताणलेला जाळीदार पडदा हा एक नवीन दुखरा भाग येतो. तो कडेच्या खाचेतून निसटला की सुरकुततो आणि गुंडाळतच नाही. पडदा पातळ असेल तर अथणी, चिकोडीच्या एप्रिलमध्ये ऊन डोक्यावर जाणवतं. साध्या सनरूफला घट्ट फळी असते, ती ओढली की प्रश्न मिटला. दोन्हींत डोक्यावरची जागा २५ ते ५० मिलिमीटर कमी होते. उंच माणसानं फेटा किंवा टोपी घालूनच बसून बघावं.

काचेच्या कोपऱ्यावरचा छाप वाचा. टेम्पर्ड काच फुटली तर बारीक खड्यांचा सडा पडतो. कडेला टवका असेल किंवा घडताना आत दोष राहिला असेल तर ती उभ्या गाडीतही अचानक फुटते. लॅमिनेटेड काचेच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण जागेवर राहते. निवड असेल तर लॅमिनेटेड. नारळाखाली गाडी लावायची सवय असेल तर काच कुठलीही असो, सोडा ती सवय.

बाहेरून छत कापून सनरूफ बसवून देणारे आजही आहेत. प्रेक्टरनं हेच केलं होतं, पण ते साठ वर्षांपूर्वीच्या छताचं. आजच्या छताच्या आडव्या पट्ट्या अपघातात छत चेपू नये म्हणून हिशेबानं ठेवलेल्या असतात आणि कडेनं एअरबॅग असते. कापलेल्या कडेला कारखान्याचा गंजरोधक थर राहत नाही. आपल्या पावसात ती कड दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी हा मुद्दा हमखास निघतो. करू नका.

आणि लग्नाच्या वरातीत, चोर्ल्याच्या वळणावर मुलांना त्या भोकातून उभं करणं थांबवा. अचानक ब्रेक लागला तर पोटाच्या उंचीला चौकटीची कड असते आणि पुढं धरायला काही नसतं. रेल्वे पुलाखालचे उंचीचे लोखंडी आडवे, झाडांच्या फांद्या, संक्रांतीचा मांजा हे सगळं गाडीतल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काठावर बसल्यानं पुढची वारा अडवणारी पट्टी मोडते आणि रूळ वाकतो, हे त्यामानानं किरकोळ नुकसान.

सेकंडहँड गाडी बघत असाल तर पावसाळ्यात बघा, आणि धुऊन आणलेली नको म्हणून आधी सांगा. सनरूफ तीनदा उघडा-बंद करा, इंजिन चालू ठेवून. दोन्ही कडा एकदम पोहोचतात का ते बघा. सनव्हायझर खाली करून त्यामागचं कापड बोटानं दाबा, दमट किंवा फुगलेलं लागतं का. चालकाच्या आणि शेजारच्या पायाखालचं कार्पेट कडेनं उचला आणि फोमवर टिश्यू पेपर दाबून धरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या भागावर पाण्याची रेघ किंवा बुरशी असेल तर पाणी खांबातून आलेलं आहे. मग डिकीतली स्टेपनी उचला. खड्ड्याच्या तळाला बारीक तांबडा गाळ आणि चिंचेच्या पात्या दिसल्या तर मालकाला पहिला प्रश्न मागच्या नळ्यांचा विचारा.